दोन ढीग



थंडी ओसरू लागली की बाजारात गाजर, बीट, मुळा व रताळी यांचे भाव उतरतात. स्वस्त मिळते म्हणून आपण गरजेपेक्षा जास्त घेतो. आठ दिवसांत गाजरे मऊ पडतात, मुळा आतून पोकळ होतो. मग सूप करणे हा सोपा मार्ग. कांदा थोड्या लोण्यावर परतावा, गाजर, बीट व एखाद्या रताळ्याच्या फोडी कुकरला लावाव्यात, घुसळून मीठ-मिरपूड घालावी. रताळ्यामुळे सूप आपोआप दाट होते. मुळा मात्र बेतानेच, नाहीतर तोच सर्वांवर कुरघोडी करतो.

गेल्या हिवाळ्यात असेच सूप करून शेजारच्या आजारी मावशींना डबाभर द्यावे असे मनात आले. भाजी निवडायला बसले आणि नकळत दोन ढीग झाले. चांगली गाजरे घरच्या कोशिंबिरीला, मऊ व डागाळलेली सूपला. सासूबाई बाजूला रोझरी करीत होत्या. माळ थांबवून त्या म्हणाल्या, "दात गेले म्हणून तिची जीभ पण गेली का गं?"

सूप ही मोठी फसवी वस्तू आहे. एकदा घुसळले की आत काय गेले ते खाणाऱ्याला कळत नाही. चिरणाऱ्याला कळते, आणि देवाला.

मग जास्तीचे झाले म्हणून दिलेले दान देवाला मान्य होते का? मार्कच्या शुभवर्तमानात श्रीमंतांच्या देणग्यांपेक्षा विधवेची दोन नाणी प्रभूला मोठी वाटली, कारण श्रीमंतांनी आपल्या विपुलतेतून टाकले होते. हे वाचले की माझा डबा हातातच राहतो. पण भाकरींच्या चमत्कारानंतर त्याच प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले व बारा टोपल्या भरल्या. अन्न टाकून देणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरण्यासारखे आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात बजावले. म्हणजे उरलेल्यात पाप नाही.

मला उत्तर सापडले ते लेवीयच्या पुस्तकात. शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडा, अशी तिथे आज्ञा आहे. कडेचे कणीस मधल्या कणसाइतकेच भरलेले असते. बवाजने तर रूथसाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसे काढून टाकायला सांगितले होते. उरलेले आणि राखून ठेवलेले यांत फरक आहे, तो इथेच. आणि तीच रूथ पोटभर जेवल्यावर राहिलेले सासूसाठी घेऊन गेली! तिच्याजवळही द्यायला काही होतेच, हे आपण सहसा विसरतो.

त्या दिवशी सडके तेवढे बाजूला काढले व बाकीचे दोन्ही ढीग एक केले. अर्धे सूप मावशींकडे गेले, अर्धे आमच्या ताटात आले. कोशिंबीर झाली नाही, म्हणून मुले जरा कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी डबा परत पाठवला. आत त्यांच्या परसातली चार लिंबे होती.