सौम्य गांठ आणि संयम

वैद्यकांतील 'सौम्य' हा शब्द जितका दिलासा देणारा, तितकाच फसवा आहे. जी गांठ शरीरभर पसरत नाहीं ती सौम्य. परंतु कवटीच्या बंद पेटींत गांठीचा स्वभाव सौम्य असला, तरी तिची जागा तशी असेलच असें नाहीं.

एपिडरमॉइड ही अशीच एक दुर्मिळ गांठ. गर्भावस्थेंत त्वचेच्या कांहीं पेशी आंत अडकून राहतात, व त्यांपासून ती वर्षानुवर्षें हळूहळू वाढते. तिच्यासारखीच भासणारी अरॅक्नॉइड सिस्ट ही मात्र निव्वळ पाण्याची पिशवी. तिला बहुधा हात लावावा लागत नाहीं. एम. आर. आय.च्या साध्या चित्रांत दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. डिफ्यूजन नांवाच्या चित्रणांत पाण्याच्या कणांची हालचाल टिपली जाते. पिशवींतील पाणी मोकळें हिंडतें, म्हणून ती काळी दिसते. एपिडरमॉइडमध्यें तें अडतें, म्हणून ती पांढरी उजळते.

जालना जिल्हा बियाण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. दोन दाणे दिसण्यांत सारखे असूनहि त्यांची जात निराळी असूं शकते, हें तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु बीं पेरून पारखतां येतें. डोकें उघडून पारखणें कोणास परवडेल?

कोणी म्हणेल, संशय आहे तर गांठ काढून टाकणेंच शहाणपणाचें. आम्हांस तसें वाटत नाहीं. एपिडरमॉइड मज्जातंतूंना व रक्तवाहिन्यांना बिलगून वाढते. ती समूळ काढतांना इजा होण्याचें भय असतें. त्रास नसेल, तर तीहि कधीं कधीं नुसती नजरेखालीं ठेवितात. शस्त्राला वाट दाखविणें हा चित्रणाचा एक उपयोग खरा. परंतु विनाकारण उचललेलें शस्त्र आवरणें हा आमच्या मतें त्याहून श्रेष्ठ होय.

मात्र ह्या संयमाचीहि एक अट आहे. मंठा तालुक्यांतील एखादा शेतमजूर 'गांठ' हा एकच शब्द ऐकून बैल विकावयास निघेल. त्याला दिसलें तें सांगणें पुरेसें नाहीं. दिसलेल्याचा अर्थ समजेल अशा भाषेंत सांगितला पाहिजे. आणि 'थांबा, वर्षानें पुन्हा पाहूं' असें सांगावयाचें, तर तें पुन्हा पाहणें त्याच्या आवांक्यांत असलें पाहिजे. शहरापर्यंतची वाट, बुडालेली मजुरी व तपासणीचा खर्च यांमुळें तो परत येऊंच शकला नाहीं, तर वैद्याचा संयम आणि समाजाची उपेक्षा यांत कांहीं भेद उरत नाहीं.