बांगड्या उतरवा, कांडण थांबवू नका

भाविकहो, मार्गशीर्ष पौर्णिमा आली. गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण पूर्ण होईल, सायंकाळी दत्तजन्माचा पाळणा हलेल. आणि नेहमीप्रमाणे पुढच्या ओळीत साठी-सत्तरी ओलांडलेली आपली मंडळी बसलेली असतील. या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "शेत पोरांच्या हाती दिलं, किल्ल्या सुनेकडं दिल्या. आता आमचं काय राहिलं? फक्त बोलावण्याची वाट बघायची."

या वाक्यात दुखणं आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. पण ज्याच्या दारात आपण हे बोलतो, तो देव कसा आहे ते बघा. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा, अशी दत्तप्रभूंची दिनचर्या परंपरा सांगते. आपला देव एका जागी बसणारा नाही. त्याच्या भक्ताने "आता काय राहिलं" म्हणावं, हे कसं जुळायचं?

भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत भेटतो आणि आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. त्यात एक गुरू आहे अजगर. आळशी माणसाला हा गुरू फार आवडतो! "अजगर कुठं हालचाल करतो? देव देतो तेच खातो." पण अवधूताने अजगराकडून घेतला तो संतोष : मिळेल त्यात समाधान, न मिळालं तरी तक्रार नाही. पडून राहणं त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर तो यदुराजाला वाटेवर भेटलाच नसता.

दुसरी गुरू आहे एक कुमारिका. घरची माणसं बाहेर गेलेली, आणि तिला बघायला पाहुणे आलेले. पाहुण्यांसाठी ती साळी कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडलेले तांदूळही नाहीत, हे पाहुण्यांना कळेल म्हणून ती लाजली. तिने एकेक बांगडी उतरवली. दोन उरल्या तरी वाजतच होत्या. शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. अवधूत म्हणतो, अनेक एकत्र आले की कलह, दोघे आले तरी गप्पा, म्हणून साधकाने एकटं असावं.

आता आपण संसारी माणसं. घर सोडून एकटं कुठं जाणार? पण या कथेत आपल्यासाठीही एक खूण आहे. तिने बांगड्या उतरवल्या, कांडण मात्र थांबवलं नाही. पाहुण्यांना जेवू घालायचं होतं ना!

उतारवयात आपलं नेमकं उलटं होतं. कांडण थांबतं आणि बांगड्या वाजत राहतात. सून कुठं गेली, भाजीला तेल किती घातलं, पोराने कापूस कोणत्या भावाने विकला, आमच्या वेळी असं नव्हतं... या सगळ्या बांगड्याच. एकेक उतरवत गेलं की घरातला अर्धा कलह संपतो. मग उरतं कांडण : नातवाचा अभ्यास, अंगणातल्या झाडाला पाणी, देवळाची झाडलोट, डोळे गेलेल्या शेजाऱ्याला पोथी वाचून दाखवणं. आणि आयाबायांना निवृत्ती मिळालेलीच नसते, तेव्हा आजोबांनी जेवल्यावर आपलं ताट आपण उचललं, तर तीही दत्तसेवाच समजावी.

कुणी म्हणेल, गुडघे साथ देत नाहीत. मग अकराऐवजी तीन प्रदक्षिणा घाला. तेही होत नसेल तर बसून नाम घ्या. जो अंथरुणाला खिळला आहे, त्याने भेटायला आलेल्याची दोन शब्दांनी विचारपूस केली, तरी येणारा हलका होऊन जातो. शरीराला झेपेल तेवढंच करावं.

गुरुचरित्रातली गंगा आठवा. वय वर्षे साठ, मूलबाळ नाही, तरी गाणगापुरात रोज श्रीगुरूंची आरती करायची. श्रीगुरूंनी इच्छा विचारली, तेव्हा तिने पुढच्या जन्मासाठी मागणं मागितलं. श्रीगुरू म्हणाले, पुढच्या जन्माचं कुणाला ठाऊक? याच जन्मी मिळेल. आणि तिला संगमावरच्या वृक्षाची सेवा सांगितली. साठाव्या वर्षी सेवाच सांगितली, विश्रांती नाही! आपणही जे चांगलं करायचं राहिलं आहे, ते पुढच्या जन्मावर ढकलू नये.

"पण आता सुरू करून पुरं कधी होणार?" ही भीती वाटतेच. आपल्या जवळच्याच पैठणचे नाथमहाराज बघा. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडून दत्तभक्ती घेतलेले नाथ. १५७३ मध्ये काशीत एकनाथी भागवत पूर्ण केलं, १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. एवढं झाल्यावर कुणीही हात जोडून बसला असता. नाथांनी उत्तरायुष्यात भावार्थ रामायण लिहायला घेतलं. ते युद्धकांडात थांबलं, १५९९ मध्ये नाथ गेले आणि पुढचा भाग शिष्य गावबाने पुरा केला. अपुरं राहील म्हणून नाथ थांबले असते, तर गावबाने पुरं काय केलं असतं?

आपलं बदनापूर तर तुरीच्या वाणांसाठी ओळखलं जातं. इथल्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ कितीतरी शेतकऱ्यांनी पेरली आहे. मूग आणि तूर एकाच पावसावर पेरतात. मूग दोन महिन्यांत घरी येतो. तूर मागे राहते, पाऊस गेल्यावरही खोल मुळांवर उभी राहते आणि थंडीत शेंगा भरते. तोवर तिची पिकली पानं बुडाशी गळत असतात आणि तीच जमीन पुढच्या पिकासाठी सकस करतात. "आम्ही पिकली पानं" म्हणताना हेही ध्यानात असू द्या.

यंदा प्रसाद घेऊन घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने दत्तप्रभूंसमोर दोनच गोष्टी मनात ठरवाव्यात : कोणती एक बांगडी उतरवणार आणि कोणतं एक कांडण हाती घेणार. ते तडीस नेण्याचं बळ तोच देईल.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!