हातातले काम आणि उद्याची जबाबदारी

जे काम समोर उभे राहून हाक मारते ते आधी करावे, की जे हाक मारीत नाही परंतु ज्यावर उद्याचा दिवस अवलंबून आहे, त्याला आधी वेळ द्यावा? वरवर पाहता हा प्रश्न व्यवसायाच्या शिस्तीचा वाटतो. वस्तुतः तो नैतिक प्रश्न आहे. आपला वेळ ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. त्या हिशेबात ‘मी दिवसभर कामात होतो’ एवढे उत्तर पुरेसे ठरेल काय, याचा विचार प्रत्येक कमावत्या माणसाने केला पाहिजे.

सांगली जिल्ह्यातील विटा शहराचे उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्याचे हे ठिकाण पर्जन्यछायेच्या, दुष्काळी पट्ट्यात वसलेले असून यंत्रमागाच्या व्यवसायासाठी ओळखले जाते. येथील एखाद्या लहान यंत्रमागधारकाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळीच एका मागावरचे बीम संपत आलेले असते आणि सायझिंगहून दुसरे आलेले नसते. दुसऱ्या मागाचा धोटा अडकतो, त्याच दिवशी जॉबर गावी गेलेला असतो. दुपारी वीज जाते. व्यापाऱ्याचा फोन येतो की माल आजच हवा. संध्याकाळी कामगारांच्या आठवड्याच्या पगाराची जुळवाजुळव करावी लागते. रात्री घरी परतताना तो म्हणतो, आज श्वास घ्यायलाही फुरसत मिळाली नाही. त्याचे म्हणणे खरे असते. मात्र त्या संपूर्ण दिवसात एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो : आपण जे कापड विणतो, ते पाच वर्षांनी कोण घेणार आहे?

या एका प्रश्नाच्या पोटात अनेक प्रश्न दडलेले आहेत. व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणीत राहायचे, की थोडे का होईना स्वतःचे कापड बाजारात आणायचे? साधे माग चालवीत राहायचे, की भागीदारीत धोट्याशिवाय चालणारे नवे माग घ्यायचे? इचलकरंजीसारख्या मोठ्या केंद्रात जे कापड मुबलक निघते तेच आपण विणायचे, की वेगळे काही? हे प्रश्न कधी दार ठोठावीत नाहीत. धोटा अडकला तर आवाज येतो. धंद्याची दिशा चुकली तर आवाज येत नाही. १९९९ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू केली. तिचे सुधारित रूप ३१ मार्च २०२२ पर्यंत चालले. अशा दारांना उघडण्याची आणि मिटण्याची तारीख असते. ज्याला विचाराला कधीच सवड मिळत नाही, त्याला ते दार बहुधा मिटल्यानंतर दिसते.

किराणा दुकानदार, गॅरेज चालविणारा मिस्त्री, शिवणकाम करणारी भगिनी, यांची कहाणीही वेगळी नाही. पुण्यातील संगणक कंपनीत आपल्या उत्पादनाची पुढील दिशा ठरविण्याची जबाबदारी असलेला तरुणदेखील हेच सांगतो. बैठका, ग्राहकांच्या तक्रारी आणि निरोपांना उत्तरे देण्यात त्याचा दिवस संपतो. ज्या कामासाठी त्याला नेमले, तेच काम उद्यावर जाते.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका येते. रोजी देणारा अल्लाह आहे. मग उद्याची एवढी चिंता म्हणजे तवक्कुलमधील उणीव नव्हे काय? या शंकेचे समाधान पवित्र कुरआनातील सूरह यूसुफमध्ये आहे. राजाने स्वप्नाचा केवळ अर्थ विचारला होता. हजरत यूसुफ (अ.) यांनी अर्थाबरोबर उपायही सांगितला : सात वर्षे सातत्याने शेती करा, खाण्यापुरते थोडे काढून उरलेले धान्य कणसातच राहू द्या, कारण पुढची सात वर्षे कठीण येणार आहेत. हे नियोजन कोणत्या काळात करावयाचे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते सुकाळात करावयाचे होते. शेते पिकत असतात, कोणी उपाशी नसतो, कोठारापुढे कोणाचा आक्रोश नसतो, अशा वेळी उद्याचा विचार करणे सर्वांत अवघड असते, कारण त्या वेळी तो अनावश्यक भासतो. ज्यांच्या मनात अल्लाहवरील विश्वास परिपूर्ण होता, त्या प्रेषितांनीच हे नियोजन सांगितले आणि कोठारांची जबाबदारी स्वतःहून मागून घेतली. तवक्कुल आणि दूरदृष्टी यांच्यात विरोध नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दुष्काळाचा हा धडा विट्याच्या परिसराला अपरिचित नाही. पावसाने पाठ फिरविलेल्या खानापूर-आटपाडी भागातील कित्येक कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी घराबाहेर पडली आणि देशभरातील शहरांत पसरली. केवळ आकाशाकडे पाहत बसण्याऐवजी कोणीतरी, केव्हातरी, ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न गांभीर्याने विचारला होता, म्हणूनच हा मार्ग निघाला.

दुसरी शंका याहून सूक्ष्म आहे. इस्लाममध्ये लांबलचक आशांच्या मागे धावण्यास, ज्याला ‘तूल-ए-अमल’ म्हणतात त्यास, दोष मानले आहे. मग पाच वर्षांचे बेत आखणे हा त्याचाच एक प्रकार नव्हे काय? दोहोंतील फरक एका कसोटीने कळतो. लांबलचक आशा माणसाला आजच्या कर्तव्यातून सोडविते. ती म्हणते, तौबा नंतर कर, जकात पुढच्या वर्षी दे, आधी मोठा हो. खरी दूरदृष्टी उद्याकडे पाहून आजच्यावर एक कर्तव्य टाकते : आज एवढे शिकून घे, एवढी बचत कर, ही सवय सोड. ज्या विचाराने आजचे कोणतेही कर्तव्य वाढत नाही, तो विचार बहुधा स्वप्नरंजन असतो. सूरह हश्रमध्ये श्रद्धावंतांना उद्यासाठी आपण काय पुढे पाठविले हे पाहण्याचा आदेश आहे. तो उद्या आखिरतचा आहे. परंतु ज्याला आयुष्यभराच्या कमाईकडे असे थांबून पाहण्याची सवय जडली, त्याला दुकानाकडेही तसेच पाहता येते. आणि ज्याला दुकानाकडे पाहायला उसंत नाही, तो आखिरतकडे केव्हा पाहणार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यात हक्क कोणाचा गुंतला आहे? हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग सर्वश्रुत आहे. हजरत अबू दरदा दिवसा रोजे ठेवीत, रात्रभर नमाज पढत आणि घराकडे त्यांचे दुर्लक्ष होत असे. हजरत सलमान यांनी त्यांना समजाविले की पालनकर्त्याचा, स्वतःच्या देहाचा आणि कुटुंबाचाही आपल्यावर हक्क आहे. ज्याचा त्याचा हक्क त्याला द्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या म्हणण्याला दुजोरा दिला. एक उत्तम कामदेखील अमर्याद वाढले की दुसऱ्याचा हक्क गिळते, हा यातील बोध आहे. इबादतीच्या बाबतीत हे खरे असेल, तर हलाल मार्गाच्या धावपळीबाबत ते अधिकच खरे आहे.

कारखान्याच्या भविष्याचा विचार करण्यात मालकाएवढाच कामगाराचा हक्क आहे. धंदा बसला तर मालक जागा विकील, माग भंगारात घालील, काही काळ तग धरील. मागावर उभा राहणारा माणूस मात्र त्याच आठवड्यात बेकार होतो. दिशा ठरविताना त्याला कोणी विचारलेले नसते आणि दिशा न ठरविण्याची किंमत तोच आधी मोजतो. म्हणून ‘मला विचार करायला वेळ नाही’ हे वाक्य बोलणाऱ्याला नम्रपणाचे वाटले, तरी त्यात दुसऱ्याच्या पोटाविषयीची बेपर्वाई असू शकते.

शिवाय व्यग्रतेला तिची स्वतःची गोडी असते, हे मान्य केले पाहिजे. अडकलेला धोटा सोडविला की काम झाल्याचे समाधान लगेच मिळते. चार माणसे आपल्याला विचारायला येतात, आपल्यावाचून काही हलत नाही असे वाटते आणि अहंकार सुखावतो. पाच वर्षांनंतरच्या प्रश्नापुढे एकट्याने बसले तर असे काही मिळत नाही. उलट भीती वाटते. कित्येकदा आपण वेळ नाही म्हणून विचार टाळीत नसतो, तर विचार टाळता यावा म्हणून वेळ भरून टाकीत असतो.

यंत्रमागाच्याच इतिहासातील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. जपानचे साकिची तोयोदा यांनी १९२४ साली एक स्वयंचलित माग सिद्ध केला. तो धावता असतानाच धोटा बदलीत असे आणि धागा तुटला तर आपोआप थांबत असे. न थांबणारा माग तुटलेल्या धाग्यानिशी सदोष कापड विणीत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो कामातच दिसतो. हे माग उत्तम चालत असतानाच साकिची यांचे पुत्र किइचिरो मोटारीच्या निर्मितीचा अभ्यास करू लागले. १९२९ साली मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीला देण्याचा करार झाला आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली. धंदा चांगला चालला असताना पुढच्या वस्तूचा विचार करणे, हा यूसुफ (अ.) यांच्या सुकाळातील कोठाराशी नाते सांगणारा विवेक आहे. विवेकाची गोष्ट कोणाकडूनही घ्यावी.

मग हा वेळ काढावा कसा? कुरआन दिवसाचा भार नाकारीत नाही. सूरह मुज्जम्मिलमध्ये प्रेषितांना (स.) दिवसा दीर्घ व्यग्रता असल्याचे मान्य करूनच रात्रीचा प्रहर नेमून दिला आहे. गर्दी ओसरेल तेव्हा बसू, असे तेथे म्हटलेले नाही. गर्दी राहणारच, म्हणून वेगळी वेळ ठरविली आहे. सूरह जुमुआमध्ये अजान होताच खरेदी-विक्री थांबविण्याचा आणि नमाजनंतर पुन्हा रोजीच्या शोधात पसरण्याचा आदेश आहे. आपण दिवसातून पाच वेळा हातातले काम बाजूला ठेवतो आणि त्यामुळे धंदा बुडत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. ज्या समाजाला थांबण्याची एवढी सवय लावली आहे, त्याला आठवड्यातून एक तास विचारासाठी राखणे कठीण का जावे?

इमाम गज्जाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात आत्मपरीक्षणाची रीत व्यापाऱ्याच्या दृष्टांताने समजाविली आहे. बुद्धी हा व्यापारी आणि नफ्स हा त्याचा भागीदार. आधी अटी ठरवाव्यात, काम चालू असताना लक्ष ठेवावे आणि शेवटी हिशेब घ्यावा. त्यांनी बाजाराची रीत आत्म्याला लावली. आपण ती पुन्हा बाजाराला लावून पाहावी. फजरनंतरचा एखादा ठरलेला तास, समोर लिहून काढलेला एकच प्रश्न आणि पुढच्या वेळी मागच्या निर्णयाचा हिशेब, एवढे साधन पुरे आहे. त्या तासात एकट्यानेच बसावे असेही नाही. कुरआनने श्रद्धावंतांचे व्यवहार परस्पर सल्लामसलतीने चालतात असे म्हटले आहे. घरातील सुनेला, शिकलेल्या मुलीला, वीस वर्षे मागावर उभ्या असलेल्या कामगाराला विचारले, तर मालकाच्या नजरेतून सुटलेले पुष्कळ काही समजते.

थांबण्याची किंमत पडणारच नाही, असे मात्र कोणी समजू नये. हजरत मूसा (अ.) आपल्या बंधूंना, हजरत हारून (अ.) यांना मागे नेमून चाळीस रात्रींसाठी तूर पर्वतावर गेले. ते परतले तेव्हा लोक वासराच्या पूजेस लागलेले होते. आपण दूर असताना काहीतरी बिघडते ही भीती खोटी नाही. तरीही ते गेले नसते तर लोकांना मार्ग दाखविणाऱ्या त्या पट्ट्या कोठून आल्या असत्या? म्हणून जाणे टाळू नये. मागे जबाबदार माणूस नेमावा आणि परतल्यावर जे बिघडले असेल ते सावरावे.

एक मर्यादा मात्र सांभाळली पाहिजे. निकडीचे प्रत्येक काम क्षुल्लक नसते. कामगाराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. नमाजची वेळ, आजाऱ्याची शुश्रूषा, दिलेला शब्द ही कामे उद्याच्या विचारासाठी आज ढकलता येत नाहीत, कारण त्यांत कोणाचा तरी हक्क थकतो. जे केवळ सवयीने, हौसेने किंवा अहंकाराने निकडीचे झाले आहे, त्यातूनच वेळ काढावा. आपल्या विचाराचा तास दुसऱ्याची विश्रांती हिरावून विकत घेऊ नये. पत्नीच्या झोपेवर आणि कामगाराच्या सुटीवर उभे केलेले नियोजन कितीही हुशारीचे असले, तरी त्यात बरकत कशी असेल?

निवांतपणा ही अशी देणगी आहे की तिच्याबाबतीत बहुतेक लोक तोट्यात राहतात, असे हदीसमध्ये सांगितले आहे. ती देणगी आपल्याला मोठ्या सुटीच्या रूपाने क्वचितच मिळते. गर्दीतल्या एखाद्या तासाच्या रूपाने ती रोज समोरून जाते. अल्लाह आम्हा सर्वांना तो तास ओळखण्याची, त्यात प्रामाणिक विचार करण्याची आणि ज्याचा त्याचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.