गुरुजींनी सांगितले ते आणि आम्ही झाकले ते



दुर्ग-भिलाईतील पद्मनाभपुर ही आमची वसाहत आपणांपैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि विदर्भातून पुष्कळ मराठी माणसे पोटापाण्यासाठी इकडे आली. त्यांची नातवंडे आता हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांना समजते, बोलताही येते, पण वाचायला बसविले की अडखळतात. म्हणून रविवारी उपासनेनंतर, दुपारी, सात-आठ मुले आमच्या ओसरीवर जमतात. मी वाचतो, ती ऐकतात. काही घरे ख्रिस्ती आहेत, काही नाहीत. गेले वर्षभर आम्ही साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ वाचत आहो. दर रविवारी एक रात्र.

पहिल्या रविवारी मी मुलांना लेखकाची ओळख करून दिली होती. जन्म पालगड येथे, २४ डिसेंबर १८९९. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक. स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिकाचा आरंभ. आणि ११ जून १९५० रोजी ‘गुरुजी देवाघरी गेले’. हे शेवटचे वाक्य मी ठरवून असे केले होते.

विसाव्या की एकविसाव्या रात्रीला पोहोचलो असू. वाचन संपले, मुले पांगली. एक सोळा वर्षांचा मुलगा मागे राहिला. म्हणाला, “काका, गुरुजींनी आत्महत्या केली. मोबाइलवर वाचले मी. तुम्हाला माहीत होते ना?”

मी म्हटले, “होय.”

“मग सांगितले का नाही? आणि असे असेल तर या पुस्तकातले खरे कसे मानायचे?”

वाचकहो, मी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करतो. एखादा शब्द मुळाशी प्रामाणिक आहे की नाही, यावर आम्ही चार-चार दिवस वाद घालतो. त्या मुलासमोर मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याने दोन प्रश्न विचारले होते, आणि मी ते एकच समजत होतो. घरी विचार करताना ते वेगळे झाले. दुसरा आधी घेतो, कारण त्याच्याशिवाय पहिल्याचे उत्तर सापडत नाही.

गुरुजी १९२४ साली अंमळनेरच्या शाळेत रुजू झाले. तत्त्वज्ञानात एम. ए. झालेला हा तरुण वसतिगृहाचा प्रमुख झाला. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढले; पुढे ‘विद्यार्थी’ मासिक चालविले. सहा वर्षे. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या हाकेला ओ देऊन त्यांनी नोकरी सोडली, आणि वर्गाच्या जागी तुरुंगाची बराक आली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेणारे गुरुजीच. दुसऱ्याचा शब्द न बिघडविता कागदावर उतरविणे ही काय तपश्चर्या आहे, हे आम्हां भाषांतरकारांना विचारा. आणि पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, स्वतःच्या आईची गोष्ट त्यांनी कागदावर आणली. १९३५ साली पुस्तक निघाले. त्यावरचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. पण मुलांना रडविणारा चित्रपट म्हणून त्याची जी ख्याती झाली, तिच्यामुळे पुस्तकाकडे नीट पाहणे राहून गेले, असे माझे मत आहे.

नीट पाहिले तर त्यात एक विलक्षण उलथापालथ आहे. शाळेत शिक्षक खुर्चीवर असतो. चूक मुले करतात, दुरुस्त तो करतो. हजेरीपट त्याच्या हाती, छडी त्याच्या हाती. वसतिगृहाच्या प्रमुखाकडे तर सत्ता रात्रंदिवस. नोकरी सोडली तेव्हा ही सारी सत्ता गेली. आता मुलांना काही सांगायचे तर त्यांनी आपणहून पुस्तक उघडले पाहिजे, आणि कंटाळा आला तर मिटताही आले पाहिजे. अशा वेळी पुष्कळ शिक्षक-लेखक काय करतात? पुस्तकातच खुर्ची मांडतात. गोष्टीतला गुणी मुलगा त्यांचा मॉनिटर होतो, आणि शेवटच्या परिच्छेदात घंटा होते. मीही एकेकाळी तरुणांसाठी अशा गोष्टी लिहिल्या आहेत. कोणी वाचल्या असतील असे वाटत नाही, आणि न वाचणाऱ्यांना मी दोष देत नाही.

गुरुजींनी ती खुर्ची पुस्तकात नेली नाही. श्याम आता मोठा आहे, आश्रमात सोबत्यांबरोबर राहतो. प्रार्थना झाल्यावर रात्रीमागून रात्र तो आपली हकिकत सांगतो, आणि त्या हकिकतीत चुकणारा तोच आहे. पोहायला भिऊन लपून बसणारा तोच. चोरी करणारा तोच. बाहेर काढून आई त्याला फोकाने मारते, विहिरीवर पाठविते, आणि मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून तिने मारले. हे आजच्या पालकांना रुचणार नाही, मलाही सर्वस्वी रुचत नाही. पण सांगणारा आपल्या भित्रेपणावर पांघरूण घालीत नाही, हे ध्यानात घ्यावे. ज्या मुलांपुढे काल तो गुरुजी म्हणून उभा होता, त्यांच्याच पुढे तो आज म्हणतो की मी भ्यालो होतो.

त्या सोळा वर्षांच्या मुलाला हे कळायला हवे होते. लेखकाने कुठेही असा दावा केलेला नाही की, मी कधी कोसळणार नाही, म्हणून माझे ऐका. उलट जो कोसळू शकतो तोच सांगत आहे. मग सतरा वर्षांनी तो खरोखर कोसळला, तर पुस्तकाने दिलेले कोणते वचन मोडले? आईच्या वळांवरच्या हाताला त्यामुळे काय उणेपणा आला?

आमच्या जवळच्या राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत, १८९३ साली, ना. वा. टिळकांना एका परदेशी सहप्रवाशाने नवा करार दिला, ही गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. प्रवास संपला, दोघे आपापल्या वाटेने गेले. टिळकांच्या हाती पुस्तक राहिले. देणाऱ्याचे पुढचे आयुष्य कसे गेले हे पडताळून मग पाने उलटावी, असे टिळकांनी केले नाही. शिक्षकाबरोबर त्याचा वर्ग संपतो. पुस्तकाला त्याच्यावाचून जगावे लागते.

आता पहिला प्रश्न. मी का लपविले?

मंडळीतील एका वडीलधाऱ्या भगिनींशी मी याविषयी बोललो. त्या म्हणाल्या, “बरे केलेत. या वयात असल्या गोष्टी कानांवर पडणे चांगले नाही.” हा आक्षेप हलका नाही. आत्महत्येची हकिकत जर रंगवून सांगितली, तिला त्यागाचे वा शौर्याचे रूप दिले, जणू दुःखावरचे ते एक उत्तरच असे भासविले, तर आधीच खचलेल्या कोवळ्या मनाला ती ओढून नेऊ शकते. म्हणून कसे झाले, काय घेतले, हा तपशील मुलांपुढे नको. येथेही तो नको. आणि का झाले, याविषयी इतक्या वर्षांनी तर्क लढविण्याचा मला काही अधिकार नाही. येथवर त्या भगिनींचे म्हणणे मला मान्य आहे.

पण ‘आज नाही, पुढे सांगू’ आणि ‘काही घडलेच नाही’ या दोन गोष्टी एक नाहीत. भाषांतराच्या मेजावर हा फरक आम्हांला रोज भेटतो. मुलांसाठी वेचे निवडताना एखादा अध्याय बाजूला ठेवण्याची मोकळीक असते; जो अध्याय घेतला त्यातील कठीण ओळ गुळगुळीत करण्याची मात्र नसते. मोह पुष्कळ होतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेवटी आत आला की नाही, लूक सांगत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि दाखला तेथेच थांबतो. ‘मग तो आत गेला’ एवढे चार शब्द घातले तर शब्बाथशाळेच्या शिक्षकांची केवढी सोय होईल! ते चार शब्द आम्ही घालीत नाही. ‘देवाघरी गेले’ हे माझे वाक्य तसलेच सोयीचे होते. (ते खोटे होते असे म्हणण्यासही मी धजत नाही. तो निकाल माझ्या हाती नाही, आणि आपल्या मंडळ्यांनी अशा मृतांच्या बाबतीत पूर्वी जी कठोरता दाखविली, ती आठवून मला संकोच वाटतो. पण मी ते वाक्य श्रद्धेने उच्चारले नव्हते. झाकण म्हणून वापरले होते.)

आणि ते कोणापासून झाकले? ज्याच्या पुस्तकाच्या शेवटी आई मरते आणि श्याम तिच्या अखेरच्या क्षणी जवळ नसतो, अशा लेखकाच्या वाचकांपासून! गुरुजींनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हे सोसण्याइतके मोठे मानले. मी मानले नाही.

पुढच्या रविवारी तो मुलगा लवकर आला. मी त्याच्यासमोर शास्त्र उघडून राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय काढला. कर्मेलावर विजय मिळविलेला एलीया रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि आपला जीव घे म्हणून देवाजवळ मागतो. दूत येतो. तो एलीयाला रागे भरत नाही, त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी ठेवितो, दोनदा उठवितो, आणि वाट तुला झेपणारी नाही एवढे कबूल करतो. मी म्हटले, “गुरुजींच्या त्या रात्री भाकर घेऊन कोणी का पोहोचले नाही, हे मला ठाऊक नाही. पण मी तुझ्यापासून ते लपविले, हे चुकले.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने सांगितले. त्याच्या शिकवणीच्या वर्गात, प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा एक मुलगा होता. गेल्या हिवाळ्यात एके सोमवारी तो आला नाही. वर्गात सांगितले गेले की तो घरी परत गेला. दोन दिवसांनी मुलांना खरे कळले. पण शिकविणाऱ्यांनी पुन्हा त्याचे नाव काढले नाही, त्याचे बाक दुसऱ्याला दिले. घरी विचारले तर आई म्हणाली, अशुभ बोलू नकोस.

“तुलाही कधी तसे वाटते का?” मी विचारले. भीत भीतच विचारले. पण विचारायचे तर आडवळणाने विचारू नये, हे एवढ्यात शिकलो होतो.

“मला नाही वाटत,” तो म्हणाला. “वाटले तर सांगेन. पण त्याला कोणीच विचारले नसेल, असे वाटत राहते.”

तोवर बाकीची मुले आली. मी सर्वांना दोन वाक्यांत सांगितले की गुरुजींच्या शेवटाविषयी मी जे सांगितले ते अपुरे होते; त्यांनी स्वतःचे जीवन संपविले होते, आणि कोणाला कधी इतके जड वाटले तर रात्री कितीही वाजता हे दार ठोठवावे. एका मुलीने विचारले, “मग पुस्तक पुढे वाचायचे ना?” मी पुस्तक त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दिले. त्याने अडखळत, जोडाक्षरांवर थांबत, पुढची रात्र वाचली. अर्ध्या तासाचे वाचन, त्याला तासाच्या वर लागला.

शेवटी प्रार्थना असते. ज्याला वाटेल त्याने एखाद्याचे नाव घ्यावे, अशी आमची रीत आहे. त्याने शिकवणीतल्या त्या मुलाचे नाव घेतले.