उग्र देवाला आवरायचं कोणी?

इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा भीमेला मिळते. त्या संगमावरच्या नीरा नरसिंहपूरचं क्षेत्रमाहात्म्य सांगतं की इथली नृसिंहाची मूर्ती वाळूची आहे आणि ती घडवली प्रल्हादानं. ज्याच्या डोळ्यांदेखत बापाचं पोट फाडलं गेलं, त्याच मुलानं फाडणाऱ्या देवाला आकार दिला. पुढे पेशवाईत विंचूरकर सरदारांनी देवळाला वैभव आणलं, अनेक घराण्यांचं ते कुलदैवत झालं. पण या क्षेत्राची खरी कथा त्या वाळूत आहे, असं मला वाटतं.

सर्वशक्तिमान देवाची गोष्ट रचणं फार कठीण. ज्याला काहीच अशक्य नाही, त्याच्यापुढे संकट तरी कसलं उभं करणार? आपल्या कथाकारांनी यावर पहिली तोड काढली ती वराची. ब्राह्मणग्रंथांतला नमुची घ्या. दिवसा नाही, रात्री नाही, ओल्यानं नाही, सुक्यानं नाही, अशा अटींत इंद्र अडकतो आणि शेवटी पहाटेच्या संधिप्रकाशात फेसानं त्याचं डोकं उडवतो. बारामती तालुक्यातल्या मोरगावचा सिंधू दैत्यही याच जातीचा. पोटात अमृत असेतो त्याला मरण नाही, म्हणून मयूरेश्वराला ते अमृतच बाहेर काढावं लागतं. उंबरठा, तिन्हीसांज, मांडी आणि नखं ही हिरण्यकशिपूच्या वधाची सामग्रीही याच कुळातली. देवाची ताकद अमर्याद, पण करारातली पळवाट शोधल्याशिवाय ती चालत नाही. वकिली बुद्धीची गोष्ट आहे ही, आणि ऐकायला अजून मजा येते.

रामटेकला मात्र वेगळंच दिसतं. वाकाटकांच्या काळातला, पाचव्या शतकातला केवल-नृसिंह तिथे एकटाच निवांत बसला आहे. हातात चक्र आहे, पण मांडीवर दैत्य नाही, आतडी नाहीत, रक्त नाही. विष्णुपुराणातही प्रल्हादाचा छळ आणि त्याची श्रद्धा यांचं वर्णन अध्यायच्या अध्याय चालतं, बाप शेवटी पोराला पोटाशी धरतो, आणि नृसिंहानं केलेला वध जेमतेम उल्लेखापुरता येतो. म्हणजे खांब फोडून येणारा तो भयंकर देव पहिल्यापासून कथेच्या मधोमध नव्हता. त्याला तिथे आणलं भागवतानं.

आणि तिथे आणल्यावर भागवतकारांना पुढची अडचण दिसली. दैत्य मेला, पण राग उतरेना. देव लांबूनच स्तुती करतात. लक्ष्मीला पुढे पाठवतात, तर तीही जवळ जायला धजत नाही. शेवटी ब्रह्मदेव प्रल्हादाला पाठवतो. शैवांनी याच अडचणीवर आपलं उत्तर दिलं. नृसिंहापेक्षा जबर असा शरभ आणला आणि त्याच्याकडून नृसिंहाला आवरलं. संप्रदायाच्या अभिमानाला ते ठीक असेल, कथा म्हणून मला ते दुबळं वाटतं. मोठ्या ताकदीवर त्याहून मोठी ताकद हा उपाय कुठवर नेणार? भागवतातलं पोर देवाच्या दाढांना भीत नाही, आणि वर मागायची वेळ येते तेव्हा बापासाठी मागतं. त्याचं पाप धुतलं जावं, एवढंच. मारणाऱ्याकडेच मेलेल्याची रदबदली. बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं लिहिणाऱ्या मोरोपंतांनाही (1729–1794) हे आख्यान खुणावलं; 'प्रल्हादविजय' त्यांच्या नावावर आहे. ग्रंथाच्या नावात विजय प्रल्हादाचा आहे, नृसिंहाचा नाही.

सर्वशक्तिमानाची हीच अडचण कॉमिक्सवाल्यांनाही आली. ती पाहायला आता थेट 1940 सालच्या अमेरिकेत जाऊ. सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक, जेरी सीगल, यानं चित्रकार बर्नार्ड बेलीबरोबर 'स्पेक्टर' उभा केला. जिम कॉरिगन हा पोलीस डिटेक्टिव्ह. गुंड त्याला सिमेंटनं भरलेल्या पिंपात घालून पाण्यात बुडवतात. परलोकाच्या दारातून एक वाणी त्याला परत पाठवते: गुन्हेगारी संपेपर्यंत तुला विसावा नाही. हिरव्या झग्यातलं हे पांढरंफटक भूत आकाशाएवढं होऊ शकतं, काळाशी खेळू शकतं. पुढे तर त्याला ईश्वराच्या क्रोधाचंच रूप ठरवलं गेलं. त्याला ना वराची अट, ना उंबरठ्याची. साहजिकच लेखकांची पंचाईत झाली. 1974 मध्ये मायकल फ्लायशर आणि जिम अपारो यांनी त्यावर सोपा मार्ग धरला आणि सगळी कल्पकता शिक्षेत ओतली. गुन्हेगाराचा लाकडी पुतळा करून करवतीखाली घाला, नाहीतर राक्षसी कात्रीनं त्याचे दोन तुकडे करा. कॉमिक्सच्या सेन्सॉरचे नियम 1971 मध्ये सैल झाले होतेच. त्या कथा आजही आवडीनं वाचल्या जातात, आणि त्यांतला आनंद फारसा निर्मळ नाही.

जॉन ऑस्ट्रँडर आणि टॉम मँड्रेक यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या मालिकेत मात्र भागवतकारांचाच प्रश्न पुन्हा आला. त्यात स्पेक्टर व्लाटावा नावाचा अख्खा काल्पनिक देश पुसून टाकतो, कारण तिथल्या माणसांच्या मनात द्वेष आहे. न्यायनिवाडा करायला निघालेला क्रोध कुठे थांबावा हेच विसरला आहे. त्याच्याशी बोलायला, त्याला टोकायला क्रेमर नावाचा एक पाद्री लागतो. शरभाच्या वाटेनं न जाता ऑस्ट्रँडर प्रल्हादाच्या वाटेनं गेला, भागवत न वाचताही गेला असेल. फरक एवढाच की क्रेमर हा साक्षीदार आहे. प्रल्हादाचं घर त्या क्रोधात जळालेलं आहे, त्यामुळे त्याच्या शब्दाला जे वजन येतं ते पाद्र्याच्या शब्दाला येत नाही.

2025 च्या 'महावतार नरसिंह' या अ‍ॅनिमेशनपटाला आपल्याकडे उदंड गर्दी झाली, आणि ती मुख्यतः खांब फुटल्यानंतरच्या तांडवासाठी झाली, असा माझा कयास आहे. अमेरिकेतही रुची फारशी वेगळी नसावी. 2001 मध्ये जे. एम. डीमॅटिस यांनी स्पेक्टरला सूडाकडून उद्धाराकडे वळवायचा प्रयत्न केला. ती मालिका 27 अंकांत आटोपली, आणि थोड्याच वर्षांत स्पेक्टरला क्रिस्पस अ‍ॅलन या दुसऱ्या मेलेल्या पोलिसाचा देह देऊन पुन्हा शिक्षेच्या कामाला जुंपण्यात आलं.