रहस्यकथा आणि मिथ्यापवाद

मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि धुळ्याहून नवापूर, व्यारा, बारडोलीवरून सुरतेस जाणारा रस्ता हे दोन्ही जेथे एकमेकांस छेदतात, ते कडोदरा. सुरत जिल्ह्यातील हे गाव आता कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी वेढलेले आहे. खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी माणसे या बाजूस पुष्कळ आढळतात, आणि मराठी माणूस जेथे जातो तेथे त्याच्यामागून त्याचा गणपतीही जातो. काही वर्षांपूर्वी तेथल्या एका लहानशा मंडळाच्या उत्सवात घडलेली गोष्ट प्रथम सांगतो. कारण ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे, तो माझ्या मनात तेथेच उद्भवला.

उत्सवाच्या चौथ्या दिवशी आरतीचे चांदीचे निरांजन सापडेना. रात्री मंडपात निजावयास नंदुरबारकडचा एक तरुण असे. तो एका रंगाईच्या कारखान्यात पाळीवर काम करी. संशय त्याच्यावर गेला. पुरावा विचाराल तर काहीच नव्हता. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी मात्र त्याच्या उशाखालचे पुस्तक उचलून सर्वांस दाखविले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेचे ते जुने, पाने सुटत चाललेले पुस्तक होते. "चोरांच्या गोष्टी वाचणारा हा! ह्याला चोरीच्या साऱ्या युक्त्या ठाऊक असणारच," असे ते म्हणाले. कोणी हसले, कोणी मान डोलावली. पुस्तक मंडळाच्या कपाटात गेले आणि तो मुलगा त्याच रात्री वळकटी घेऊन निघून गेला. अनंत चतुर्दशीस आवराआवर करताना निरांजन सोवळ्याच्या गाठोड्यात सापडले. सर्वांस हायसे वाटले. त्या मुलाचे नाव मात्र कोणी काढले नाही. मीही तेथे होतो. मीही काढले नाही.

पुढे कित्येक दिवस एक विचार मला छळीत राहिला. त्या मुलाविरुद्ध साक्षीदार म्हणून जे पुस्तक उभे करण्यात आले, ते खरोखर कोणाच्या बाजूने बोलले असते?

रहस्यकथेविषयी आपल्या धार्मिक मंडळींचे मत सहसा प्रतिकूल असते, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. ज्याचे चिंतन करावे तसे मन घडते, ही आपली जुनी श्रद्धा आहे. खून, दरोडा, विषप्रयोग यांत रात्रीचे दोन प्रहर रमणाऱ्या मनावर कोणते संस्कार होत असतील? शिवाय, मनुष्याचा मृत्यू ही तेथे एक कोड्याची सामग्री होऊन बसते. मेलेल्यासाठी कोणी अश्रू ढाळीत नाही. जो तो कुलूप आतून कसे लागले याचाच विचार करतो. अर्नाळकरांचा झुंझार तर कायदा मोडून दुर्बळांचा कैवार घेतो. साध्य चांगले असले म्हणजे साधनाकडे पाहावयाचे नाही काय, हा प्रश्नही येथे उपस्थित होतो. हे सारे आक्षेप मनात ठेवूनच पुढे जाऊ.

परदेशात या वाङ्मयाचा सन्मान कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत अँथनी बाउचर नावाचे एक लेखक व समीक्षक होऊन गेले. रहस्यकथांचे परीक्षण त्यांनी आयुष्यभर निष्ठेने केले. विशेष म्हणजे ते अत्यंत श्रद्धाळू कॅथलिक होते. देवभक्ती आणि रहस्यकथा यांत त्यांना विरोध भासला नाही. १९६८ साली ते निवर्तले. १९७० साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे त्यांच्या स्मरणार्थ रहस्यकथेच्या लेखकांचे व वाचकांचे संमेलन भरले. 'बाउचरकॉन' या नावाने ते निरनिराळ्या नगरांत वर्षानुवर्षे भरत आले आहे. १९८६ पासून तेथे 'अँथनी' पारितोषिके दिली जातात, आणि त्यांचा निर्णय संमेलनाचे सभासद मते देऊन करतात. पंडितांच्या समितीने बंद खोलीत बसून दिलेले ते प्रशस्तिपत्र नव्हे. वाचणाऱ्याने लिहिणाऱ्यास उघडपणे केलेला तो नमस्कार आहे.

आपल्याकडे मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. ती परंपरा गुजरातेतही आली; २०१८ साली बडोद्यास लक्ष्मीकांत देशमुखांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले. एवढ्या दीर्घ परंपरेत अर्नाळकर त्या आसनावर कधी बसले नाहीत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या, कित्येकांस अक्षरशः वाचावयाची गोडी लावणाऱ्या या लेखकाचे पुस्तक गिरणीतल्या कामगाराच्या उशाशी राहिले, व्यासपीठावर आले नाही. तीच गत गोव्याच्या गुरुनाथ नाईकांची. २०२१ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्याही कथा हजारावर गेल्या होत्या. पण सन्मान हवा, एवढे म्हणून भागत नाही. सन्मान कशाचा, हे सांगितले पाहिजे. मोठा खप किंवा विपुल लेखन ही काही नैतिक योग्यता नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला भागवताच्या दशम स्कंधातील स्यमंतक मण्याची कथा आठवली. गणेशचतुर्थीस चुकून चंद्रदर्शन झाले तर खोटा आळ येऊ नये म्हणून ही कथा ऐकण्याचा प्रघात आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण ती आपण दोषपरिहार म्हणून ऐकतो आणि तिचा आशय तेथेच ठेवून उठतो.

सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीस गेला, तो परतला नाही. श्रीकृष्णाने पूर्वी तो मणी राजासाठी मागितला होता. एवढ्यावरून सत्राजिताने त्याच्यावर चोरीचा व हत्येचा संशय घेतला आणि द्वारकेचे लोक कानोकानी कुजबुजू लागले. तेव्हा भगवंताने काय केले? तो सर्वज्ञ होता. घडले ते एका शब्दात सांगू शकला असता. त्याने तसे केले नाही. तो नगरवासीयांस बरोबर घेऊन अरण्यात गेला. प्रथम प्रसेन आणि त्याचा घोडा मरून पडलेले दिसले. त्यांस सिंहाने मारल्याची खूण पटली. पुढे डोंगरावर तो सिंहही मेलेला आढळला. त्यास एका अस्वलाने मारले होते. माग जांबवंताच्या गुहेपाशी येऊन थांबला. लोकांस बाहेर ठेवून कृष्ण एकटा आत शिरला. बारा दिवस वाट पाहून लोक दुःखी होऊन परतले. आत अठ्ठावीस दिवस युद्ध चालले. अखेरीस मणी घेऊन तो द्वारकेस आला, राजसभेत सत्राजितास बोलावून घडलेला वृत्तान्त सर्वांसमक्ष सांगितला आणि मणी त्याच्या हाती दिला. सत्राजिताने लज्जेने मान खाली घातली.

या कथेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, येथे मनुष्य अपराधी निघतच नाही. ज्याच्यासाठी एका निरपराधाकडे बोट दाखविले गेले, ते कृत्य एका वनचराचे होते. या शोधाचे फळ म्हणजे एका निर्दोष पुरुषाची मिथ्यापवादातून झालेली सुटका. चोरास शासन करणे हा त्याचा हेतूच नव्हता. दुसरी ही की, साक्षात भगवंतानेही "मला ठाऊक आहे" हा आधार घेतला नाही. चार लोकांस दिसेल अशा खुणांवर तो चालला. लंडन येथे १९३० साली स्थापन झालेल्या रहस्यकथाकारांच्या 'डिटेक्शन क्लब'चे पहिले अध्यक्ष चेस्टरटन हे धर्मनिष्ठ गृहस्थ होते, आणि त्याच मंडळातील रोनाल्ड नॉक्स हे तर धर्मगुरूच होते. तेथे सभासदास शपथ घ्यावी लागे की, आपल्या कथेतील शोधक दैवी साक्षात्काराच्या बळावर गुन्हेगार ओळखणार नाही. देव मानणाऱ्यांनीच हा नियम पाळावा यात मला विसंगती दिसत नाही. मनुष्यावर आळ घेताना देवाचे नाव पुढे करणे, ह्याहून मोठी देवाची विटंबना कोणती?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सत्राजित केवळ लज्जित होऊन थांबला नाही. आपल्या हातून घडलेल्या अपराधाचे परिमार्जन कसे होईल, या चिंतेने त्याला घेरले. त्याने आपली कन्या सत्यभामा श्रीकृष्णास दिली आणि मणीही देऊ केला. कृष्णाने मणी परत केला. आळ घेणाऱ्याने आळ उतरविण्यासाठी स्वतः चालून जावे लागते, हे भागवतकारांस माहीत होते. आमच्या मंडळास ते माहीत नव्हते.

आता त्या पुस्तकाकडे वळू. चांगली रहस्यकथा वाचताना आपण काय करतो? पहिल्या दहा पानांतच एकावर संशय धरतो. त्याचा चेहरा कठोर असतो, तो परका असतो, अथवा गरीब असतो. अखेरच्या पानावर कळते की तो निर्दोष आहे आणि ज्यास आपण सज्जन समजलो तोच अपराधी. त्या क्षणी जो आनंद होतो, त्यात थोडी शरमही मिसळलेली असते. आपण चुकलो, ही ती शरम. कागदावरल्या माणसांविषयी चुकण्यात कोणाचे नुकसान नाही. म्हणूनच जिवंत माणसांविषयी घाईने निवाडा करू नये, हा धडा तेथे स्वस्तात मिळतो. ज्या गृहस्थांनी ते पुस्तक पुरावा म्हणून उंच धरले, त्यांनी ते वाचले असते, तर चुकीच्या माणसाकडे बोट दाखविणारे पात्र प्रत्येक रहस्यकथेत असतेच, हे त्यांस दिसले असते.

मला वाटते, रहस्यकथेच्या सन्मानाची कसोटी येथे सापडते. जी कथा केवळ रक्त दाखवून मनास चटक लावते, तिच्यावरचे आक्षेप मला मान्य आहेत. तिला कोणी पारितोषिक दिले तरी तिची योग्यता वाढणार नाही. परंतु जी कथा वाचकास त्याच्याच संशयाची लाज वाटावयास लावते, निरपराधाची बाजू शेवटपर्यंत सोडीत नाही आणि पुराव्यावाचून कोणास दोषी ठरवीत नाही, ती सन्मानास पात्र आहे. मग ती संमेलनाच्या व्यासपीठावर असो की मजुराच्या उशाखाली.

पुढल्या वर्षी चतुर्थीस मंडळात स्यमंतकाची कथा वाचली गेली. ऐकता ऐकता मला बसवेना. दुसऱ्या दिवशी कपाटातून ते पुस्तक काढून घेतले आणि चौकशी करीत तो मुलगा काम करीत होता त्या दुसऱ्या कारखान्याच्या दाराशी गेलो. "आम्ही चुकलो, मीही चुकलो," एवढेच मला म्हणता आले. त्याने पुस्तक उलटून पाहिले. "काका, शेवटची पानं राहिली होती वाचायची," असे तो म्हणाला आणि मला चहा पाजला.

मंडळात मात्र तो पुन्हा आला नाही. येण्याचे त्याच्यावर बंधनही नाही. सत्राजिताच्या वाटेने जावयाचे ते मंडळाने, आणि मंडळ अजून गेलेले नाही.