वतन आणि वारसा

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात कनान देशातील वाट्यासाठी 'वतन' हा शब्द योजलेला आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती माणसाच्या मनात या शब्दाने दोन आठवणी जाग्या होतात. एक, देवाने दिलेल्या दानाची; दुसरी, महार वतनाची. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या पूर्वजांकडे ते वतन होते. जमिनीचा तुकडा मिळे आणि त्यापायी गावाची व सरकारची चाकरी पिढ्यान्‌पिढ्या करावी लागे. बापाकडून मुलाकडे जमीन जाई, तशी लाचारीही जाई. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली.

वारसा म्हणजे केवळ संपत्ती नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. संपत्तीबरोबर नाती, बंधने आणि ऋणेही हाती येतात. मग आज आपण मुलाबाळांच्या हाती नेमके काय देत आहोत?

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी जमिनीचे मोल वाढविले. संगमनेरात पुणे-नाशिक महामार्गाने ते आणखी वाढविले. इकडे सातबाऱ्यावरील नावेही वाढत गेली. आजोबांचे एकर नातवाच्या वाट्याला गुंठे होऊन येतात. मग क्षेत्र वाचविण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधला जातो : बहिणींचे हक्कसोडपत्र.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पुरुषाच्या मालमत्तेचा एकतृतीयांश भाग विधवेला मिळतो व उरलेला मुलगे आणि मुली यांना सारखा. केरळातील मेरी रॉय यांना ही समानता मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. आपल्याकडे तो हक्क आधीच होता, आणि तरी तो सोडून देण्याचा रिवाज पडला.

भाऊ म्हणतात, आईबापांना आम्ही सांभाळले, बहिणीच्या लग्नाला कर्ज काढले. शिवाय तिने स्वखुशीने सही केली. यातील पहिले म्हणणे आम्हांला वजनदार वाटते. सेवेचे मोल झालेच पाहिजे. पण ते उघडपणे मोजावे. प्रसंगी मुलीनेच आईबापांना सांभाळले असेल, तर तेही मोजावे. 'स्वखुशी'ची कसोटी मात्र वेगळी आहे. नकार दिला तर माहेर तुटेल, या भयाने केलेली सही दान ठरत नाही. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच 'हो'ला दानाचे मोल असते. बहीण निर्भयपणे वाटा सोडत असेल, तर ती उदारता वंदनीय आहे.

लूकच्या शुभवर्तमानात एक मनुष्य भावाकडून वाटा मिळवून द्या म्हणून प्रभू येशूकडे आला, तेव्हा प्रभूने न्यायाधीश होण्याचे नाकारले. म्हणून काहींना वाटते, की वाटणीच्या बाबतीत श्रद्धेला काही सांगावयाचे नाही. पण प्रभू तेथेच थांबला नाही. त्याने लोभाविषयी सावध केले आणि कोठारे वाढविणाऱ्या मूर्ख धनवानाचा दाखला दिला. हिशेब आपण करावयाचा. मन मात्र त्याच्यासमोर तपासावयाचे. गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेसमोर वाटा मागितला. त्यांना भाऊ नव्हता, हे खरे. तथापि त्यांचे म्हणणे रास्त आहे, असा निर्वाळा देवाने दिला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या परिपत्रकात ज्ञान व कौशल्य हीदेखील जमिनीच्या तोडीची मालमत्ता असल्याचे सांगितले. शिक्षणाने वर आलेल्या आपल्या समाजाला हे पटविण्याची गरज नाही. ही मालमत्ता वाटल्याने तुटत नाही. जमीन मात्र तुटते, आणि तिच्यासाठी कोर्टकचेऱ्या केल्या तर घरही तुटते.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. आईबापांनी हातीपायी धड असतानाच, मुलगे व मुली दोघांनाही समोर बसवून बोलावे, कारणे सांगावीत आणि दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. जमिनीचा तुकडा पाडणे परवडत नसेल, तर बहिणीला तिच्या वाट्याची किंमत द्यावी. गुंठाभर जमीन कमी मिळाली तरी नातवंडांचे भागेल; आत्याचे दार बंद झालेले घर त्यांच्या वाट्याला येऊ नये.